मांडीवर बारा हजार किलोमीटर

जबलपूर ते ऑकलंड बारा हजार किलोमीटर आणि विमानानं पंधरा तास, हे आमच्या ह्यांनी मोबाइलवर पाहून सांगितलं. बँकेत जन्म काढलेला माणूस आकडा सांगतो तेव्हा त्याला उलट विचारायची आमच्या घरात पद्धत नाही. मीही विचारलं नाही. मला तर आतून बरंच वाटलं. पंधरा तास मांडीवर दोन पितळी मुखवटे घेऊन कोण बसून राहणार आहे? झालं, मिटला विषय, असं धरून मी मटार सोलत बसले.

पण असं मधूनच सांगितलं तर तुम्हाला काय समजणार. नीट सांगते.

मी कुमुद. जबलपुरात चेरीतालला आमचं घर आहे, खाली आम्ही दोघं आणि वर भाडेकरू. आमचा एकुलता एक अनुपम नऊ वर्षांपासून न्यूझीलंडमध्ये ऑकलंडला नोकरी करतो. सून अपूर्वा पुण्याची, लग्नाला बारा वर्षं झाली. नात आर्या, तिला मराठी सगळं कळतं पण उत्तर इंग्रजीत देते, आणि लाडात आली की हिंदीत. या जानेवारीत अनुपमला सुट्टी मिळाली नाही म्हणून दोघी मायलेकीच आल्या. अपूर्वाबद्दल माझी तक्रार काहीच नव्हती, हेही आधीच सांगून टाकते. ती येते, नीट वागते, आपलं ताट आपण घासते आणि परत जाते. पाहुणीसारखी. इतक्या वर्षांत आमच्यात भांडणसुद्धा झालं नाही, यावरून काय ते समजा.

आता महालक्ष्म्यांचं. पुण्याकडं त्यांना गौरी म्हणतात. आमच्याकडे भाद्रपदात ज्येष्ठा आणि कनिष्ठा या दोघी बहिणी तीन दिवस माहेरपणाला येतात. पितळेचे मुखवटे, खाली धडाच्या जागी लोखंडी कोठ्या, त्यांना लुगडी नेसवून उभं करायचं, दागिने घालायचे, मधल्या दिवशी पुरणावरणाचा स्वयंपाक, सोळा भाज्या, आंबील. माझ्या सासूबाईंच्या सासूबाईंपासून हे चालत आलेलं आहे. आणि आमच्या घराण्यात एक नियम आहे, तो दुसरीकडे असेल नसेल, मला ठाऊक नाही. मुखवटे एका घरून दुसऱ्या घरी न्यायचे झाले तर वाटेत कुठंही टेकवायचे नाहीत. बाईच्या हातात, नाहीतर मांडीवर. कुमारिकेनं धरले तरी चालतात. लेकीबाळींना रस्त्यात उतरवून देतात का, असं सासूबाई म्हणायच्या. त्यांनी स्वतः सागरहून जबलपूरपर्यंत बसमध्ये मांडीवर आणले होते. मी बडा फुहाऱ्याजवळच्या भाड्याच्या खोल्यांतून चेरीतालला सायकल रिक्षात आणले, आणि मागच्या रिक्षात बसून सासूबाई माझ्या हातांकडे पाहत होत्या.

त्या तीन दिवसांत माझ्या घरी साठ-सत्तर माणसं जेवून जातात. जुनी मराठी घरं तर येतातच, पण बँकेत, कॉलेजात, मिलिटरीत नव्यानं बदलून आलेली पोरंपोरीही येतात. कुणी नाशिकचं, कुणी लातूरचं. घरची आठवण येऊन राहते बिचाऱ्यांना, मग आंबील पिऊन डोळे पुसतात आणि दुसऱ्या वर्षी आणखी दोघांना घेऊन येतात. वर्षभर मी कोण आहे? गुडघे धरून चालणारी एक म्हातारी. त्या तीन दिवसांत मी महालक्ष्मीवाली काकू असते. एवढंच माझ्यापाशी आहे आणि ते मला द्यायचं नव्हतं. साफ सांगते, नव्हतं द्यायचं.

पण गेल्या भाद्रपदात गुडघ्यांनी दगा दिला. खाली बसता येईना, कोठ्या उचलता येईनात. स्वयंपाकाला बाई लावली तर तिनं आंबिलीत साखर घातली. पूजा मी खुर्चीवर बसून केली आणि ती केल्यासारखी वाटलीच नाही. पुढच्या वर्षी काय करायचं, हा प्रश्न घरात सगळ्यांना पडला होता, फक्त तोंडातून काढत कुणी नव्हतं.

तो काढला अपूर्वानं. येऊन दोन दिवस झाले होते. ह्यांनी पनागरहून पोतंभर मटार आणले होते, कारण जानेवारीत यांना मटारापलीकडे दुसरं काही दिसत नाही, आणि आम्ही सगळे अंगणात उन्हाला बसून सोलत होतो. मान खाली घालूनच ती म्हणाली की, आई, महालक्ष्म्या मी घेऊन जाऊ का, तिथं मी करीन.

माझ्या हातातली शेंग तशीच राहिली. मी म्हटलं, अगं, नवीन घे की, आता तर तिकडेही मिळत असतील. ती म्हणाली की मिळतात, दोनदा दुकानात जाऊन पाहून आले, पण आर्या विचारते की आपल्या कुठं आहेत. आर्यानं लगेच मान हलवली. ह्यांनी माझ्याकडे पाहिलंच नाही, मटारात तोंड घालून बसले.

नाही म्हणायला मला कारण पाहिजे होतं, आणि ते होतंच तयार. मी घराण्याचा नियम सांगितला. म्हटलं, ने ना, माझी कुठं ना आहे? पण टेकवायच्या नाहीत. या घरातून निघाल्या की तुझ्या घरच्या पाटावरच उतरायच्या. तेव्हाच ह्यांनी मोबाइल काढून अंतर पाहिलं आणि पंधरा तास जाहीर केले.

अपूर्वानं फार तर दोन शेंगा सोलल्या असतील. मग म्हणाली, "चालेल. बसेन मी."

घ्या. आता माझी पंचाईत. पण मी काही अगदीच खुळी नाही. दोन वर्षांपूर्वी गुडघे दाखवायला आम्ही विमानानं मुंबईला गेलो होतो. तिथं माझी पर्स, माझा चष्मा, ह्यांचा पट्टा, सगळं ट्रेमध्ये घालून मशीनमधून काढलं होतं. माझ्या हातातली पाण्याची बाटलीसुद्धा त्या बाईनं काढून घेतली होती. तर पितळेचे पोकळ मुखवटे तसे हातात धरून कोण जाऊ देईल? अट पाळताच येणार नाही, हे मला घालतानाच माहीत होतं. मी फक्त बोलले नाही. विमानतळावर गेल्यावर आपोआप परत येतील आणि मला माझ्या तोंडानं नाही म्हणायला नको, असा माझा हिशेब होता. आहे मी अशी, काय करता!

मग घरात एक गंमत सुरू झाली. अपूर्वा सराव करायला लागली. कपाटातून तिनं माझे दोन पितळी डबे काढले, त्यात डाळ भरली आणि संध्याकाळी ते मांडीवर घेऊन बसली. एका हातानं चहा घेतला, एका हातानं जेवली. बाथरूमला जायचं झालं की आर्याला हाक मारायची, आर्या येऊन डबे मांडीवर घ्यायची आणि अगदी गंभीर तोंड करून बसायची. ह्यांना हसू आवरेना. मी म्हटलं, अगं, डाळ कशाला हिंडवतेस, तर ती म्हणाली, वजन तेवढंच व्हायला हवं ना. मग तिनं मला विचारलं की दोघींना जवळजवळ ठेवायचं की मध्ये काही ठेवलं तर चालतं, आणि खण कोणत्या रंगाचा घ्यायचा. मी म्हटलं, उद्या बाजारात जाऊन आणू. आम्ही दोघी सासूसुना बडा फुहाऱ्यावर खण आणायला गेलो. बारा वर्षांत पहिल्यांदा. तिनं हिरवा निवडला, मी लाल म्हटलं, मग तिनं दुकानदाराशी असा काही भाव केला की मी पाहतच राहिले. पुण्याची पोरगी, तोंडात भैया-भैया, आणि हाताशी आलेला सौदा सोडेना. दोन्ही रंग घेऊन आलो.

येताना रिक्षात तिनं एक गोष्ट सांगितली. म्हणाली की माझ्या माहेरी गौरी नव्हत्या, आई होती तोवर शेजारच्यांकडे हळदीकुंकवाला जायचो. लग्नाच्या पहिल्या वर्षी तुमच्याकडे पाहिलं आणि वाटलं की आता आपल्याकडेही आहेत. पण तुम्ही मला कधी हात लावू दिला नाही, मी ताटं वाढायलाच असायची. हे तिनं कुरकुर करत नाही सांगितलं, असंच, रस्त्याकडे पाहत. खरं होतं ना ते. लुगडी मी नेसवायची, दागिने मी घालायचे, नैवेद्य मी दाखवायचा. कुणी पुढे आलं की मी म्हणायची, राहू दे गं, तू बस.

जायच्या दोन दिवस आधी ह्यांनी तिकिटं छापून आणली, कारण मोबाइलमधल्या तिकिटावर यांचा विश्वास नाही. आणि चष्मा लावून वाचताना यांचा चेहराच उतरला. जबलपूर ते दिल्ली एक विमान. तिथं थांबायचं. दिल्ली ते सिंगापूर दुसरं. तिथं थांबायचं. मग सिंगापूर ते ऑकलंड तिसरं. घरातून निघून घरी पोचेपर्यंत तीस तासांच्या वर. ह्यांनी पाहिलं होतं ते नकाशावर सरळ रेघ ओढून काढलेलं अंतर. तसं उडणारं विमान अजून कुणी काढलेलंच नाही, ते फक्त मोबाइलमध्ये उडतं. बँकेतला माणूस, आणि आकडा असा!

मी ते कागद घेऊन अपूर्वापुढे गेले. मनात म्हटलं, आता सापडली. नऊ वर्षांत इतक्यांदा ये-जा केलेली ही, हिला माहीत नव्हतं होय?

"पंधराला हो काहून म्हणालीस मग? तीस होतात हे माहीत होतं ना तुला?"

"होतं," ती म्हणाली. "पण तीस म्हटलं असतं तर तुम्ही तिथंच नाही म्हटलं असतं, आई."

बॅग भरता भरता बोलली, आवाज न चढवता. मला राग यायला पाहिजे होता, आलाही थोडा. पण नंतर पलंगावर पडल्या पडल्या वाटत राहिलं की ही पोरगी पंधरा तासांसाठी नव्हे, तीस तासांसाठी डाळीचे डबे घेऊन बसत होती. आणि मी काय करून राहिले होते? मशीनची वाट पाहून राहिले होते. तेव्हाच सांगून टाकायला हवं होतं. सकाळी सांगू, जेवताना सांगू, असं करत मी दिवस काढला. सांगितलं नाही. कारण सांगितलं तर दोनच वाटा होत्या, एक तर नियम सोडायचा, नाहीतर मुखवटे ठेवून घ्यायचे, आणि दोन्ही माझ्याच तोंडून बोलावं लागलं असतं.

निघायच्या दिवशी सकाळी मी देवासमोर दोघींना हळदकुंकू लावलं, लाल-हिरव्या खणांत गुंडाळलं आणि पिशवीत घालून अपूर्वाच्या हातात दिलं. पिशवीचा पट्टा तिनं गळ्यात घातला आणि दोन्ही हात खाली धरले. विमानतळाकडे जाणारा डुमन्याचा रस्ता धुक्यानं भरला होता. सचिन म्हणून आमचा नेहमीचा गाडीवाला आहे, तो हळू चालवत होता तरी दरवेळी स्पीडब्रेकर आला की अपूर्वा पिशवी मांडीवरून उचलून धरायची. मी मागच्या सीटवर तिच्या शेजारी बसले होते.

विमानतळाच्या दारावर आम्हाला थांबावं लागलं, तिकीट नसलेल्यांना आत सोडत नाहीत. सामान ढकलत आर्या, मागे पिशवी धरून अपूर्वा, अशा दोघी आत गेल्या. नमस्कार करायला तिचे हात मोकळे नव्हते, म्हणून तिनं नुसती मान वाकवली. हे म्हणाले की चला, गाडीत बसू, थंडी आहे. मी म्हटलं, थांबा. अहो, ती परत येणार आहे. हे म्हणाले, काहून परत येईल? मी काचेतून आत पाहत राहिले.

आली ना. आर्याला सामान नोंदवायच्या काउंटरपाशी बसवून ती काचेच्या दाराशी आली. दारावरच्या जवानाला काही तरी सांगत होती. त्यानं आधी नाही म्हटलं, मग पिशवीकडे पाहिलं, मग घड्याळाकडे बोट दाखवून तिला बाहेर सोडलं. तिचं नाक लाल झालं होतं. थंडीनं की कशानं, मला काय ठाऊक.

"खूप विनवलं, आई. तपासणीवरच्या बाई चांगल्या होत्या, नमस्कार केला त्यांनी दोघींना. पण मशीनमधून घालाव्याच लागतील म्हणाल्या. इथं सोडलं असतं तरी पुढं दिल्लीला आहेच, सिंगापूरला आहे." मग तिनं गळ्यातला पट्टा काढला. "तुम्ही घ्या. तिथं जाऊन तुम्हाला खोटं सांगणं नाही जमायचं मला."

पिशवी माझ्या हातात आली. मी ठरवलं होतं तसंच झालं, अगदी तसंच. गाडीत बसायचं, घरी जायचं, कपाटात ठेवायच्या. भाद्रपदात बाई लावायची, आंबिलीत साखर घातली तर घातली.

आणि मला माझी इतकी लाज वाटली की काय सांगू. ती ट्रेमध्ये ठेवून पुढे गेली असती तर मला कसं कळणार होतं? फोनवर म्हणाली असती की नाही टेकवल्या, आई, आणि मी शेजाऱ्यापाजाऱ्यांना कौतुकानं सांगत बसले असते. तिला पाहायला मागच्या रिक्षात कुणी बसलेलं नव्हतं. तरी ती परत आली होती, विमान सुटायची वेळ झालेली असताना. अशा हातात द्यायच्या नाहीत तर मग कुणाच्या हातात द्यायच्या?

मी ह्यांचा खांदा धरला आणि खाली बसले. गुडघे वाकेनात, डोळ्यांपुढे काजवे चमकले, पण बसले. वर्षभरात पहिल्यांदा जमिनीवर बसले असेन. पिशवी उघडली, खण सोडले आणि दोघींना काढून समोर फरशीवर ठेवलं. पदर नाही, रुमाल नाही, जिथून ट्रॉल्या जात होत्या त्या फरशीवर. हे माझ्या नावानं ओरडले. अपूर्वा पटकन खाली वाकली आणि तिनं हात पुढे केले.

"राहू दे," मी म्हटलं. "टेकल्या. माझ्या हातानं टेकल्या, आता तुझ्यावर काही नाही. ने त्यांना. मशीनमध्ये घाल, जिथं घालायच्या तिथं घाल."

जवान जवळ आला आणि म्हणाला, माताजी, यहाँ सामान नहीं रखते. मी म्हटलं, उठा रहे हैं भैया, एक मिनिट.

अपूर्वा माझ्यासमोर उकिडवी बसली होती. माझ्याकडे पाहत होती.

"मशीनचं तुम्हाला आधीच माहीत होतं ना?"

"होतं," मी म्हटलं. "पहिल्या दिवसापासून. आणि तुला?"

"मलाही."

"मग एवढं सगळं कशाला केलंस? ते डबे, ते वजन?"

ती ज्येष्ठेला खणात गुंडाळत होती. हळदकुंकू फिसकटू नये म्हणून अंगठा जपून फिरवत होती. "जमेल तेवढं तरी पाळावं म्हटलं, आई," ती म्हणाली.

मी कनिष्ठेला गुंडाळलं. तिनं गाठ मारून दिली. आतून आर्या काचेवर हात आपटून बोलावत होती. अपूर्वानं पिशवी गळ्यात घातली, उठली, आणि पुन्हा वाकून तिनं माझ्या गालाला गाल लावला. अशी ती कधी वागली नव्हती. मी विचारलं, लुगडं नेसवता येतं का तुला त्यांना? ती नाही म्हणाली. मी म्हटलं, मग मला यावंच लागेल की. ती हो म्हणाली आणि पळत आत गेली.

ह्यांनी आणि त्या जवानानं दोन्हीकडून धरून मला उभं केलं. मी रडत होते, चांगली हुंदके देऊन, आणि टॅक्सीवाले थांबून पाहत होते. ह्यांना वाटलं महालक्ष्म्या गेल्या म्हणून. मलाही आधी तसंच वाटलं. पण त्या दोघींसाठी नव्हतं ते. बारा वर्षांत अपूर्वा किती वेळा या शहरातून गेली असेल, दरवेळी मी दारातून हात हलवला आणि आत जाऊन चादरी धुवायला काढल्या. तिनं जाऊ नये असं मला त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं, आणि तेव्हा ती आत गेलेली होती.